अंगावर पाजताना कॅल्शियमच्या गोळ्या: गोळी ठीक, डब्यावरचा दावा अगदीच फेकू

पाचपैकी तीन स्टार देतेय, तिन्ही गोळीला, डब्यावरच्या मजकुराला शून्य. ब्रँडचं नाव लिहीत नाही.

आधी गोळी. मोठी आहे, चव खडूची. पुढे ठळक 1250 छापलंय पण ते कॅल्शियम कार्बोनेटचं वजन झालं, खरं कॅल्शियम त्याच्या 40 टक्के म्हणजे 500 मिग्रॅ, ते मागे बारीक अक्षरात. जेवणासोबतच घ्या, उपाशीपोटी नीट शोषलं जात नाही, आणि आयर्नच्या गोळीबरोबर तर नकोच. मला आठवडाभर पोट साफ होईना, पाणी वाढवल्यावर जमलं.

आता डबा. "हाडांची झीज थांबवते, दूध वाढवते." हे वाचून घाबरूनच घेतली होती खरं तर, मग रात्री बाळाला पाजता पाजता वाचत बसले तर कळलं की ही झीज गोळीच्या हातातच नाही. दुधातून रोज साधारण 200 ते 300 मिग्रॅ कॅल्शियम जातं आणि ते हाडांतून काढायची ऑर्डर कोण देतं तर स्तनच! पीटीएचआरपी नावाचं हार्मोन ते रक्तात सोडतात, आणि दुसरीकडे प्रोलॅक्टिनमुळे (दूध बनवायला लावणारं हार्मोन) इस्ट्रोजेन, म्हणजे हाडांची झीज रोखून धरणारं हार्मोन, खाली गेलेलं असतं त्यामुळे हाडांवरचा ब्रेकही सुटलेला. गंमत म्हणजे हे पीटीएचआरपी 1987 मध्ये सापडलं ते कॅन्सरच्या गाठींमधून, रक्तातलं कॅल्शियम का वाढतं ते शोधताना. सहा महिन्यांत मणक्याची घनता 5 ते 10 टक्के कमी होऊ शकते, गोळ्या घेतल्या तरी फारसा फरक पडत नाही, आणि अंगावरचं सुटलं की बहुतेकींची हाडं वर्षभरात भरून निघतात. शरीर उसनं घेतं आणि फेडतं. मी उगीच टेन्शन घेतलं.

दूध वाढवणं तर सोडाच. गाईचंच बघा, एक लिटर दुधासाठी कासेतून सुमारे 500 लिटर रक्त फिरतं, त्यासाठी रक्तवाहिन्या सैल करायलाही हेच पीटीएचआरपी मदत करतं, पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन नावाच्या हार्मोनने, आणि बाळ जेवढं ओढेल तेवढं दूध बनतं. यात गोळीचा संबंध कुठे आला? दुधातलं कॅल्शियमसुद्धा तिने वाढत नाही.

हां, गाय व्यायल्यावर मिल्क फीव्हर होऊन बसते (नाव फीव्हर, ताप नसतोच) तेव्हा शिरेतून कॅल्शियम दिलं की बघता बघता उठते. तो प्रकार वेगळा, तिथे रक्तातलंच कॅल्शियम एकदम पडलेलं असतं.

तुमच्या जेवणात कॅल्शियम खरंच कमी असेल किंवा डॉक्टरांनी सांगितलं असेल तर घ्या, गोळी वाईट नाही. मी हा डबा संपवतेय, दुसरा नाही घेणार. आणि ते झाकण एका हाताने उघडत नाही, दुसऱ्या हातात बाळ असतं हे डिझाइन करणाऱ्याला कोणीतरी सांगा.