साधी ९२५ चांदी की रोडियम प्लेटिंगवाली?

चांदी काळी पडली की लोकांना वाटतं भेसळ आहे, पण तसं नसतं हो. हवेत थोडासा हायड्रोजन सल्फाइड असतोच, त्यातलं सल्फर चांदीला चिकटतं आणि वर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. ९२५ म्हणजे ९२.५ टक्के चांदी, बाकीचं बहुतेक तांबं, आणि त्या तांब्यामुळे ती शुद्ध चांदीपेक्षा जरा लवकरच काळवंडते.

रोडियमवाली, म्हणजे वर रोडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा दिलेली चांदी, काळी पडत नाही कारण हवा चांदीपर्यंत पोचतच नाही, चमकही जास्त पांढरी. कानातले, पेंडंट यांना मस्त. पण अंगठीला मी तरी घेणार नाही, कारण थर अगदी पातळ असतो, रोज घासून घासून कडेने उडतो आणि मग तेवढाच भाग काळा दिसतो, घरी काही करता येत नाही, परत प्लेटिंगच करावं लागतं.

साध्या चांदीचं तसं नाही. काळी पडली तर पॉलिशच्या कापडाने पुसा, परत नवी! (हे कापड प्लेटिंगवर मात्र घासू नका प्लीज.) रोज घातली तर घासली जाऊन उलट चकचकीत राहते, डब्यात पडून राहिली की काळी होते. म्हणून ठेवताना कोरडी करून हवा काढलेल्या झिप पाऊचमध्ये ठेवा, प्रत्येक दागिना वेगळा, आणि रबरबँड चुकूनही लावू नका, त्यात सल्फर असतं.

परफ्यूम, क्रीम आधी लावा, दागिने नंतर, हे दोन्हीला लागू.