गुडघ्याचे सेन्सर सात महिने वापरून: यंत्र ठीक, पट्टा भिकार

गुडघा किती वाकतो ते मोजून ॲपवर दाखवणाऱ्या, मांडी-नडगीवर बांधायच्या दोन सेन्सरच्या संचाबद्दल हे लिहितोय, गुडघेबदलाची शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटवर सात महिने वापरल्यानंतर. निमित्त एवढंच की मांडीच्या पट्ट्याचा वेल्क्रो मेला आणि कंपनी म्हणते पट्टा सुटा मिळत नाही, पूर्ण संच घ्या. तक्रार केली तर उत्तर आलं, ‘ॲप अपडेट करा.’ वेल्क्रोला कसलं अपडेट?

पट्ट्याचं एवढं काय, असं वाटेल. पण गुडघ्याचा कोन म्हणजे दोन सेन्सरच्या दिशांमधला फरक. सेन्सर नडगीवरून सरळ खाली घसरला तर कोनात फारसा फरक पडत नाही. पायाभोवती फिरला किंवा कलला तर पडतो. आणि पाय घोट्याकडे निमुळता होत जातो, म्हणून घसरलेला पट्टा कलल्याशिवाय राहत नाही. क्रेप बँडेजचे सुटे तंतू वेल्क्रोच्या आकड्यांत अडकतात, पकड जाते. आठवड्यातून एकदा जुन्या टूथब्रशने आकडे विंचरले तर पट्टा जास्त टिकतो. हे पुस्तिकेत कुठेही नाही.

बांधायच्या जागाही पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणे घेऊ नका. चित्रात मांडीचा सेन्सर समोर, मधोमध आहे. तिथे क्वाड्रिसेप्स (मांडीचा पुढचा स्नायू) आवळला की सेन्सर उचलला जातो. बाहेरच्या बाजूला, मांडीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात बांधा. नडगीचा सेन्सर आतल्या बाजूच्या सपाट हाडावर, जिथे कातडीखाली लगेच हाड लागतं. पट्ट्याखाली एक बोट जेमतेम जाईल इतका ताण पुरे; सूज असेल तर सत्राच्या मध्ये पुन्हा बघायचं.

पहिले दोन महिने आकडे कमी येतात म्हणून सेन्सरलाच शिव्या घातल्या. त्या परत घेतो. घोळ शून्याचा होता. ॲप ‘सरळ उभे राहा’ म्हणतं आणि त्या क्षणीचा कोन शून्य धरतं. गुडघेबदलानंतर सुरुवातीच्या आठवड्यांत पाय पूर्ण सरळ होतोच कुठे? समजा 8 डिग्री कमी आहे. मग खरा वाक 100 असताना ॲप 92 दाखवणार. त्याहून वाईट म्हणजे सरळ न होण्याची ती 8 डिग्री अहवालातून गायबच होते, आणि लंगडण्यामागे बऱ्याचदा तीच असते. उपाय जुनाच: गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी. पेशंटला ॲपसाठी उभं केलं की त्याच स्थितीत मोजायचं. मांडीच्या हाडाचा बाहेरचा वरचा उंचवटा, गुडघ्याच्या बाहेरची गाठ, घोट्याची बाहेरची गाठ, या तीन खुणा धरायच्या आणि जो आकडा येईल तो ॲपच्या प्रत्येक आकड्यात मिळवायचा. काहीशे रुपयांची प्लास्टिकची पट्टी त्या महागड्या डबीला शून्य शिकवते!

कुशीवर झोपून गुडघा वाकवण्याचे आकडे वापरूच नका. सेन्सरमधला ॲक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणावरून कल ओळखतो. पाठीवर झोपून टाच ओढताना किंवा खुर्चीत बसून पाय सरळ करताना त्याचा आधार मिळतो. कुशीवर मात्र गुडघा आडव्या पातळीत फिरतो, तिथे गुरुत्वाकर्षण काही सांगू शकत नाही. उरतो जायरो, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारा भाग, आणि त्याची चूक साठत जाऊन तो हळूहळू वाहवतो. मॅग्नेटोमीटरने, म्हणजे आतल्या होकायंत्राने, ते सावरावं तर खाली लोखंडी पलंग, बाजूला चालण्याच्या सरावाचे पॅरलल बार; लोखंडाजवळ तोही चकतो. ॲप तक्रार न करता चुकीचा आकडा देतं. सेन्सर सुरू केल्यावर काही मिनिटं टेबलावर स्थिर ठेवून मग शून्य घेतलं की वाहवणं कमी होतं, कारण चिप गरम होताना जायरोची चूक बदलत राहते.

मग पैसे वाया गेले का? नाही, चालण्यासाठी तरी नाही. पाय उचलून पुढे नेताना गुडघा साधारण 60 डिग्री वाकायला हवा, आणि चालत्या माणसाला गोनिओमीटर लावता येत नाही. पलंगावर 95 वाकवणारा पेशंट चालताना 35 वर अडकलेला असतो. हे डोळ्यांना जाणवतं, पण नातेवाइकांना पटतं ते आलेख बघून. पायरी चढताना दुखऱ्या पायाची चुकवाचुकवीही त्यात दिसते.

बॅटरी आणि ब्लूटूथची तक्रार नाही. चार्जिंगच्या पिना घामाने काळ्या पडतात, स्पिरिटच्या बोळ्याने पुसायच्या.

पट्टा शेवटी बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून शिवून घेतला. 50 मिमी रुंद इलॅस्टिक, मांडीच्या घेरापेक्षा चार बोटं कमी, टोकाला वीतभर वेल्क्रो, आतून घसरू नये म्हणून सिलिकॉनची पट्टी. नडगीसाठीही तसाच सांगून ठेवलाय.