दंडघेर पट्टी : सलाईनच्या आधी ही

नव्याने आलेल्या स्थलांतरितांच्या तपासणी तंबूत मी डॉक्टर आहे. दंडाचा घेर मोजायची तीन रंगांची प्लॅस्टिकची पट्टी तीन वर्षं माझ्या खिशात आहे.

एका रात्री दोनेक वर्षांचा मुलगा आला. दोन दिवस जुलाब, डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीतून सोडली तरी लवकर बसत नव्हती. आईची भाषा आम्हाला येईना, दुभाषी दुसऱ्या पेशंटपाशी. सहकाऱ्याने लावायला सलाईन काढलं. मी पोराचा डावा हात कोपरात वाकवला, खांदा आणि कोपराच्या मधोमध पेनाने खूण केली, हात सरळ सोडून पट्टी गुंडाळली. पट्टीच्या खिडकीत लाल रंग, १०९ मिलिमीटर. सलाईन तसंच बाजूला ठेवलं.

११५ च्या खाली म्हणजे सॅम, तीव्र कुपोषण. अशा मुलाचं हृदय इतकं अशक्त असतं की शिरेतून भराभर गेलेलं पाणी त्याला झेपत नाही, मूल हातचं जाऊ शकतं. त्यात हडकलेल्या मुलाची कातडी आणि डोळे फसवतात, अंगातलं पाणी कमी झालेलं नसलं तरी तसेच दिसतात. शॉक, म्हणजे रक्ताभिसरण कोसळणं, नसेल तर तोंडानेच द्यायचं, कुपोषित मुलांसाठीचं वेगळं द्रावण, सुरुवातीला दर अर्ध्या तासाला किलोमागे ५ मिली. आईला खुणेनं दाखवलं, तिने चमच्याचमच्याने पाजलं. पहाटे पोराला लघवी झाली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

या लोकांजवळ जन्माचा दाखला बहुतेकदा नसतो. वजनाला वय नाहीतर उंची जोडावी लागते. पट्टीला मात्र ६ ते ५९ महिन्यांच्या सगळ्या मुलांना एकच आकडा. वय कळलंच नाही तर ६५ ते ११० सेंटीमीटर उंचीची मुलं मोजायची. रांगेत चाळीस मुलं असताना याचं मोल कळतं.

दोष आहेत. ओढून धरली की आकडा कमी येतो, सैल राहिली तर लाल मूल पिवळं दिसतं. नवीन माणसाला शिकवल्याशिवाय हातात देऊ नका. पुसून पुसून आकडे फिके पडतात, तेव्हा पट्टी सरळ टाकून द्या.

आणि सूज हिला कळत नाही. एका मुलीची पट्टी हिरवी आली म्हणून मी तिला पुढे पाठवणार होते. नर्सताईंनी दोन्ही पावलांवर अंगठे दाबून धरले, उचलले तर खड्डे तसेच. दोन्ही पावलांवर अशी सूज, म्हणजे तीही सॅमच होती. तेव्हापासून मी आधी पाय दाबते, मग पट्टी काढते.