हौशी फुटबॉल लीगच्या मॅचेस ग्राउंडवर जाऊन बघणे: अख्ख्या सीझननंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू कुठल्या वस्तूचा नाहीये, सवयीचा आहे. गेला अख्खा सीझन सुट्टीचा दिवस मोकळा मिळाला की टीव्हीवरची मॅच सोडून द्यायची, आसपासच्या हौशी लीगची मॅच कुठल्या ग्राउंडवर आहे ते शोधायचं आणि जाऊन उभं राहायचं, एवढंच केलं. तिकीट बहुतेक ठिकाणी नसतंच, बऱ्याच ठिकाणी गेटही नसतं, सरळ टचलाइनपाशी, म्हणजे मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेपाशी, जाऊन उभे राहता. आणि आता कोणी विचारलं की वर्थ आहे का, तर हो, पण ज्या कारणासाठी मी सुरू केलं होतं त्यासाठी नाही. मला वाटलेलं चांगले गोल बघायला मिळतील. गोल बरे असतात, ठीक असतात. खरी मजा कानाला आहे.

म्हणजे असं बघा, टीव्हीवर आपल्याला प्रेक्षकांचा आवाज येतो आणि कॉमेंट्री येते, खेळाडू एकमेकांशी काय बोलतात ते जवळजवळ कधीच येत नाही. इथे प्रेक्षक म्हणजे दहा-पंधरा टाळकी, त्यातली निम्मी कोणाची तरी घरची, त्यामुळे मैदानावरचा शब्द न शब्द ऐकू येतो. ‘मॅन ऑन!’ म्हणजे मागून माणूस आलाय, ‘टाइम!’ म्हणजे कोणी नाहीये आरामात घे, ‘टर्न!’ म्हणजे वळ, जागा आहे. बॉल हेड होऊन वर गेला की दहा जण एकदम ‘सेकंड बॉल!’ करून ओरडतात, म्हणजे तो खाली येईल तेव्हा आपणच मिळवा. पहिल्या काही मॅचेसना हे सगळं गोंगाट वाटतं, मग हळूहळू कळायला लागतं की कोणती टीम बोलतेय आणि कोणती गप्प आहे, आणि गप्प झालेली टीम बहुतेक वेळा पुढच्या काही मिनिटांत गोल खाते.

एक सेंटर बॅक होता, म्हणजे डिफेन्सच्या मधोमध खेळणारा, वय झालेलं, पोट सुटलेलं, धावायच्या नावाने बोंब. पण तोंड अख्खी मॅच चालू. लेफ्ट बॅकला ‘आत ये, अजून आत, बस’, मिडफिल्डरला ‘मागे बघ, तुझ्या उजव्या खांद्याला आहे’, असं सतत. समोरचा विंगर, म्हणजे कडेने धावणारा, चांगला दुप्पट वेगाचा, पण पास त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच तिथे कोणीतरी उभं असायचं कारण ह्याने त्याला चार सेकंद आधी तिथे आणून ठेवलेलं. सेकंड हाफला ह्याचा हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, धरला आणि तो बाहेर गेला. त्याच्या जागी आलेला पोरगा त्याच्यापेक्षा फास्ट, उडी चांगली, सगळं चांगलं, फक्त बोलत नव्हता. डिफेन्सची लाइन जी विस्कटली ती विस्कटलीच, दोन गोल पाठोपाठ. टीव्हीवर हीच मॅच बघितली असती तर मी म्हणाले असते की दमले बिचारे.

दुसरी गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती ती म्हणजे ग्राउंडचा साइज. आपण समजतो फुटबॉलचं मैदान म्हणजे एक ठरलेलं माप. अजिबात नाही. नियमांप्रमाणे लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर, यात काहीही चालतं, फक्त लांबी रुंदीपेक्षा जास्त हवी. इंटरनॅशनल मॅचला १०० ते ११० आणि ६४ ते ७५ असं आवळलेलं आहे, पण हौशी लीगमध्ये जी जागा मिळेल तिथे लाइन मारतात. आता गंमत बघा, गोल सगळीकडे ७.३२ मीटर रुंद आणि पेनल्टी बॉक्स त्याच्या दोन्ही बाजूंना १६.५ मीटर, म्हणजे बॉक्स झाला ४०.३२ मीटर. मैदान जर कमीत कमी ४५ मीटर रुंद असेल तर बॉक्स आणि टचलाइन यांच्यात उरतात जेमतेम सव्वादोन-अडीच मीटर! अशा ग्राउंडवर विंगर हा प्रकारच संपतो आणि थ्रो-इन, म्हणजे बाहेर गेलेला बॉल हाताने आत टाकणं, थेट गोलसमोर पडून कॉर्नरच होऊन बसतो. इतकं टोकाचं माप क्वचितच दिसतं, पण त्याच्या जवळपास जाणारं एक ग्राउंड आमच्या फेऱ्यांमध्ये होतं, तिथल्या होम टीमकडे लांब थ्रो टाकणारा एकजण होता आणि अर्धे गोल त्याच्या हातातून निघायचे. बाहेरची टीम मोठ्या ग्राउंडवर छान पासिंग करून आलेली असायची आणि इथे वीस मिनिटांत वैतागायची. हे एकदा डोक्यात बसलं की टेबलवरचा होम रेकॉर्ड, म्हणजे स्वतःच्या ग्राउंडवरचे निकाल, वेगळा दिसायला लागतो.

उभं कुठे राहायचं? सगळे हाफवे लाइनपाशी जातात आणि तिथून खरं सांगायचं तर काही कळत नाही. उंचीवर असाल तर ठीक, पण सपाट जमिनीवरून सगळे एकाच रांगेत दिसतात, बॉल लांब आहे की जवळ तेच कळत नाही. मी गोलच्या मागे थोडं बाजूला, कॉर्नर फ्लॅग आणि पोस्टच्या मधे उभी राहते, म्हणजे हल्ला करणारी टीम समोरून अंगावर येताना दिसते, दोन डिफेंडरांमधली फट दिसते, आणि कीपर बोलतो ते पूर्ण ऐकू येतं. तोटा एकच, दुसऱ्या टोकाला काय झालं ते कळत नाही आणि रिप्ले नाही. रिप्ले नसण्याची सवय व्हायला मला वेळ लागला. गोल झाला की नजर आपोआप कुठेतरी कोपऱ्यात स्क्रीन शोधते. तेव्हा आजूबाजूच्यांना विचारायचं, प्रत्येकजण वेगळं सांगतो. आणि बॉल मागे आला की आणून द्यावा लागतो हेही लक्षात ठेवा, तिथे उभे राहिलात म्हणजे बॉलबॉय तुम्हीच. झुडपात गेला की खेळाडू बघत उभे राहतात तुमच्याकडे.

नेटचा विषय वेगळा काढायलाच हवा. हौशी ग्राउंडवर मॅचच्या आधी अर्धा तास पोचलात तर दोघं-तिघं खेळाडू गोलपोस्टवर नेट चढवताना दिसतील, एक दुसऱ्याच्या खांद्यावर, टेप दाताने तोडतोय, खाली विटा नाहीतर बॅगा ठेवून नेट दाबलेलं. हमखास कुठेतरी भोक असतं. एका मॅचला बॉल साइड नेटच्या भोकातून आत आला का पोस्टच्या आतून जाऊन बाहेर पडला यावर इतकं वाजलं की पाचेक मिनिटं खेळ थांबला. लिव्हरपूलचे इंजिनिअर जॉन अलेक्झांडर ब्रोडी यांनी १८९० च्या सुमारास गोलला जाळी लावायची कल्पना आणली ती नेमकी ह्याच भांडणासाठी, बॉल पोस्टच्या आतून गेला की बाहेरून. आणि सव्वाशे वर्षांच्या वर झाली तरी भांडण तिथेच, कारण जाळी फाटकी.

आता रेफरी. खालच्या डिव्हिजनला बऱ्याचदा रेफरी एकटाच येतो आणि लाइनवर झेंडा धरून दोन्ही टीमचा एकेक बदली खेळाडू उभा असतो, ट्रॅकसूट घालून, एका हातात फोन. रेफरी मॅचच्या आधी त्यांना सांगून ठेवतो, काही जण फक्त बॉल बाहेर गेला तेवढंच दाखवा म्हणतात, काही ऑफसाइडपण द्या म्हणतात. ऑफसाइड दिली की विरुद्ध टीम म्हणणार ‘तो त्यांचाच माणूस आहे’, नाही दिली की स्वतःची टीम त्याला झापणार. मी एका पोराला आपल्याच टीमविरुद्ध कॉर्नर देताना बघितलंय, बरोबर दिला होता, आणि त्याचा कोच त्याच्याकडे असा बघत होता की पोरगा हाफटाइमला झेंडा दुसऱ्याच्या हातात देऊन निघूनच गेला.

शिवीगाळ मात्र आहे, आणि ह्या सगळ्या अनुभवातली सगळ्यात वाईट बाजू तीच. प्रोफेशनल मॅचला रेफरीला हजारोंचा आवाज जातो, इथे एक माणूस तीन मीटरवरून नाव घेऊन बोलतो. हौशी फुटबॉलसाठी नियमांत टेम्पररी डिसमिसलची सोय आहे, रेफरीशी हुज्जत घातली की १० मिनिटं बाहेर बसायचं. इंग्लंडने २०१९-२० च्या सीझनपासून ग्रासरूट लेव्हलला हे सगळीकडे लागू केलं. मी बघितलेल्या लीगमध्ये ते नाहीये, असायला पाहिजे. आमच्याकडे रेफरी येलो कार्ड दाखवतो, खेळाडू पाठ वळवून परत तेच बोलतो आणि दुसरं येलो काढून त्याला बाहेर घालवायची हिंमत फार थोडे करतात. नवीन नियमांचं तर विचारूच नका. कीपरने बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर समोरच्यांना कॉर्नर, हा नियम २०२५ मध्ये आलाय, रेफरीने हात वर करून बोटांनी शेवटचे पाच सेकंद रीतसर मोजून दाखवले, कॉर्नर दिला, आणि अख्खी टीम त्याच्याभोवती जमा, ‘हे काय नवीन काढलं?’ त्याने शांतपणे सांगितलं, नवीनच आहे. मला तो रेफरी फार आवडला.

त्रासाच्या बाबतीत एक नंबरला वेळापत्रक. लीगच्या पेजवर लिहिलेली वेळ आणि ग्राउंड ही फक्त इच्छा समजायची. पाऊस झाला की सकाळी कोणीतरी जाऊन बघतं, रद्द करतं आणि फक्त टीमच्या ग्रुपवर टाकतं, आपण पोचतो तेव्हा रिकामं मैदान. यावर उपाय एकच, एखाद्या टीमच्या कोणाशी तरी ओळख काढायची आणि निघायच्या आधी मेसेज करायचा. दुसरं म्हणजे माणसं कमी पडतात. नियमाप्रमाणे एका बाजूला सात खेळाडू असले तर मॅच चालू होऊ शकते, सातच्या खाली गेली की नाही, आणि मी आठ जणांनी सुरू केलेली मॅच बघितलीय, तीन जण वाटेत होते आणि एकेक करून बूट बांधत आत शिरले. तिसरं, बसायला काही नाही, आडोसा नाही, आणि बायकांनो, टॉयलेटची सोय आहे का ते आधी विचारून ठेवा. अर्ध्या ठिकाणी नाही, उरलेल्यांतल्या निम्म्या ठिकाणी कुलूप असतं आणि किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच माहीत नसतं. फुटबॉलवाल्यांना हा प्रॉब्लेम दिसतच नाही.

खेळाचा दर्जा कसा असतो, हा प्रश्न सगळे विचारतात. वर-खाली. पहिला टच सुटतो, क्रॉस मागे जातो, साठाव्या मिनिटानंतर मिडफिल्ड नावाची गोष्ट राहत नाही आणि बॉल ह्या बॉक्समधून त्या बॉक्समध्ये जातो. पण हौशी म्हणजे टुकार असं ठरवून टाकणाऱ्यांसाठी एक माहिती, इंग्लंडच्या अमॅच्युअर कपच्या १९५१ च्या फायनलला वेम्बलीवर एक लाख लोक होते, पेगासस विरुद्ध बिशप ऑकलंड. तो काळ गेला, कपही १९७४ ला बंद झाला, तरी बिनपगारी माणसांचा खेळ बघायला एक लाख लोक आले होते हे खरंच आहे. आताच्या हौशी टीम्सचा मला खटकणारा प्रकार म्हणजे टीव्ही बघून केलेली नक्कल. २०१९ पासून गोल किकचा, म्हणजे गोलपासून खेळ परत सुरू करतानाच्या किकचा, बॉल बॉक्सच्या बाहेर जायची गरज नाही, म्हणून मोठ्या टीम्स बॉक्समधूनच पासिंग करत निघतात, ते बघून हेपण करायला जातात, खडबडीत जमिनीवर, आणि बॉल उडी मारून थेट समोरच्या स्ट्रायकरच्या पायात. अरे लांब मार ना बाबा! पण नाही.

आता माझं जरा वेगळं मत. इंग्लंड-जर्मनीत हा रीतसर छंद आहे, ग्राउंडहॉपिंग म्हणतात, लोक नवीन नवीन ग्राउंड करून यादीत टिक मारतात, इंग्लंडमध्ये वरच्या चार डिव्हिजनमधल्या सगळ्या ९२ टीम्सची ग्राउंड केलेल्यांचा क्लब तर १९७८ पासून आहे. तिकडचं शेफील्डमधलं सँडीगेट, जे १८०४ पासूनचं आहे आणि जगातलं सगळ्यात जुनं फुटबॉल ग्राउंड म्हणून ओळखलं जातं, ते मलाही बघायचंय, नाही कशाला म्हणू. पण सुरुवातीला मीपण असंच दर वेळी नवीन ग्राउंड धरत होते आणि त्यातून हाती काय लागलं तर फोटो. परत परत त्याच दोन-तीन ग्राउंडवर जायला लागले तेव्हा कळलं की तो लेफ्ट बॅक डाव्या पायाने क्लिअर करू शकत नाही, ह्या टीमचा कीपर उन्हाच्या बाजूला कायम गडबडतो, त्या दोघांचं आपापसात पटत नाही म्हणून पास देत नाहीत. लीगच्या पहिल्या फेरीत हरलेल्या टीमची त्याच टीमविरुद्धची मॅच दुसऱ्या फेरीत बघण्यात जी मजा आहे ती नवीन ग्राउंडात नाही. म्हणून कपपेक्षा लीग बघा, कपवाले हरले की गेले, लीगवाले परत भेटतात.

सामानाचं पटकन सांगते. दुर्बीण घेऊ नका, इतक्या जवळ तिचा उपयोग शून्य. फोल्डिंग खुर्ची नेली होती, बॉल मागे आणायला उठायचं, परत बसायचं, शेवटी घरी ठेवली. बूट चांगले पाहिजेत, पूर्ण बंद, कारण टचलाइनच्या बाहेरची जमीन कोणी बघत नाही. छत्रीने मागच्याला दिसत नाही, टोपीवालं जॅकेट घ्या. वही-पेन न्या, कारण जर्सीवर नंबर दोनदा आलेले असतात, एक टेपने चिकटवलेला ७ अर्ध्या मॅचमध्ये १ होतो, आणि बदली खेळाडू परत आत येऊ शकत असेल, तशी परवानगी हौशी लीगमध्ये देता येते, तर कोण आत कोण बाहेर हा हिशोब डोक्यात राहत नाही.

ज्यांना फक्त निकाल हवा आहे, हायलाइट्स हव्या आहेत, त्यांनी जाऊ नका, चिडाल. लहान मुलांना न्यायचं असेल तर शिव्या ऐकायची तयारी ठेवून न्या. खेळणाऱ्या मुलांना मात्र नक्की न्या आणि गोलच्या मागे उभं करा, निदान बोलायचं कसं ते तरी शिकतील. मी पुढच्या सीझनला एक डिव्हिजन अजून खाली जाणार आहे, कारण तो बोलका सेंटर बॅक ज्या टीममध्ये आहे ती टीम खाली उतरलीय, आणि हॅमस्ट्रिंग बरा झालाय असं कळलंय.