अल्बेंडाझोल अडीच टक्के: मेंढ्यांना उत्तम, गाईंना गैरसोयीचं

जनावरांच्या औषधांच्या दुकानात 'जंताचं द्या' म्हटलं की बहुतेक वेळा हाच पांढरा द्राव हातात पडतो. एका मिलिलिटरमध्ये 25 मिलिग्रॅम औषध. गोलकृमी आणि पट्टकृमींवर चालतं. डोस वाढवला तर पूर्ण वाढलेले यकृतकृमीही मरतात, कोवळे मात्र सुटतात. कॉक्सिडियावर (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) काडीचाही उपयोग नाही, तेव्हा कोकरांच्या रक्ती हगवणीला हे पाजून दिवस घालवू नका.

मेंढीला किलोमागे 5 मिलिग्रॅम. 30 किलोच्या दख्खनी मेंढीला 6 मिलि. यकृतकृमी असतील तर किलोमागे 7.5, म्हणजे 9 मिलि. साध्या डोसनं एका लिटरमध्ये दीडशेवर मेंढ्या होतात. 300 किलोच्या गाईला मात्र किलोमागे 7.5 मिलिग्रॅमनं 90 मिलि लागतं. एवढं पाजताना किती पोटात गेलं आणि किती गव्हाणीत, कोण सांगणार? गाई-म्हशींना बोलस, म्हणजे मोठी गोळी, बरी.

औषध तळाशी बसतं. डबा न हलवता सुरुवात केली तर पहिल्या मेंढ्यांना पातळ पाणी आणि शेवटच्यांना जादा डोस जातो. झाकणानं मोजू नका. ड्रेंचिंग गन (औषध पाजायची पिचकारी) किंवा बिनसुईची सिरिंज वापरा. तोंडाच्या कडेनं, जिभेच्या मागच्या भागावर सोडा. मान वर ताणली की औषध फुफ्फुसात जाऊ शकतं.

खरी गडबड अंदाजपंचे डोसनं होते. सरसकट 5 मिलि पाजलं की वजनदार मेंढ्यांत जंत उरतात आणि पुढची पिढी औषधाला दाद देत नाही. रक्त पिणाऱ्या हिमोंकस जंतात हे फार दिसतं. म्हणून गटातल्या सर्वांत जड मेंढीच्या वजनावर डोस ठरवा, कोकरांचा गट वेगळा. पाजण्याआधी आणि 10 ते 14 दिवसांनी लेंड्या तपासा. लेंड्यांतली जंतांची अंडी 95 टक्क्यांहून कमी घटली असतील तर औषध बदला. आणि बदल म्हणून फेनबेंडाझोल आणू नका, ते याच घराण्यातलं. लेव्हामिसोलसारखं वेगळ्या गटातलं डॉक्टरांना विचारून घ्या.

गाभण मेंढीला पहिला महिना, गाईला पहिले 45 दिवस हे देऊ नये, गर्भात व्यंग येऊ शकतं. कळपात नर सोडलेला असेल तर कोण गाभण हे कळतच नाही. तिथे फेनबेंडाझोलच सुरक्षित. दूध-मांस किती दिवस वापरायचं नाही ते लेबलवर पाहूनच डबा घ्या.