कलमाची भाषाच मोघम असेल तर: अपील की थेट रिट?

मॅजिस्ट्रेटनं शिक्षा सुनावली आणि वकील म्हणाले, कलमाची भाषाच मोघम आहे, तर कोल्हापूरकरासमोर आता दोन पर्याय असतात. एक, कसबा बावड्याच्या न्यायसंकुलातल्या सत्र न्यायालयात अपील. दुसरा, 18 ऑगस्ट 2025 पासून सीपीआर रुग्णालयासमोर सुरू झालेल्या उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचमध्ये रिट, म्हणजे कलमालाच घटनाबाह्य ठरवा म्हणणारी याचिका. मुंबईची खेप वाचली म्हटल्यावर थेट हायकोर्टात जायची हुक्की येते. माझं मत मात्र आधी अपील, असंच आहे.

सत्र न्यायाधीश कलम घटनाबाह्य ठरवू शकत नाहीत. रिट याचिकेत उच्च न्यायालय ते करू शकतं. मात्र कलमाचा अर्थ लावणं हे सत्र न्यायालयाचं रोजचं काम आहे. दंडाच्या कलमाचे दोन वाजवी अर्थ निघत असतील तर आरोपीला सोडवणारा अर्थ घ्यायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं 1954 मध्ये तोलाराम रेलुमल विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सांगितलं. भाडेनियंत्रण कायद्याचं ते प्रकरण. शिक्षा रद्द झाली, कलम जागच्या जागी राहिलं. बहुतेकांना एवढंच हवं असतं.

समजा, यात्रेतल्या ऑर्केस्ट्रावरून भारतीय न्याय संहितेचं कलम 296 लागलं. ‘अश्लील’ म्हणजे नेमकं काय, यावर वर्षभर वाद घालता येईल. पण त्याच कलमात इतरांना उपद्रव व्हायला हवा, अशीही अट आहे. मग साक्षीदारांपैकी नेमका कुणाला त्रास झाला? पंचनामा आणि हवालदाराची साक्ष एवढ्यावरच शिक्षा झाली असेल, तर अपिलात हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा. अपिलात पुरावा नव्यानं तपासला जातो, रिटमध्ये सहसा नाही.

मुदत सत्र न्यायालयासाठी 30 दिवसांची आहे. निकालाची नक्कल मिळायला गेलेले दिवस त्यातून वगळतात. रिट दाखल केली म्हणून ही मुदत थांबत नाही, आणि ‘अपिलाचा मार्ग होता, तो का सोडला?’ हे हायकोर्ट विचारणारच. तुम्ही जामिनावर होता आणि शिक्षा 3 वर्षांपर्यंतची असेल, तर अपील दाखल करेपर्यंत शिक्षा देणारं कोर्टच जामीन देऊ शकतं. पुढची स्थगिती अपील कोर्टाकडे मागायची. अपील केलं तर शिक्षा वाढेल ही भीती पारावर फार ऐकू येते. फक्त तुमचंच अपील असेल तर त्यात शिक्षा वाढवता येत नाही. सरकारनं वाढीसाठी वेगळं अपील केलं, तर गोष्ट निराळी.

रिट कधी? कुठलाही अर्थ लावला तरी कलम कुणालाही गुंतवू शकतं, असं असेल तेव्हा. 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयात बलदेव प्रसाद खटल्यात मध्य प्रदेशातला गुंडाविरोधी कायदा पडला, कारण गुंड कुणाला म्हणायचं हेच त्यात धड सांगितलेलं नव्हतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ श्रेया सिंघल निकालानं 24 मार्च 2015 रोजी रद्द झालं, त्यातही मोघमपणा हे मोठं कारण होतं. अशा लढ्यात सरकार पूर्ण ताकदीनं उतरतं. वेळ आणि फी दोन्ही वाढतात.

अपील फेटाळलं तर 90 दिवसांत उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज (खालच्या कोर्टाचा निकाल तपासायची विनंती) करता येतो, तोही सीपीआरसमोरच. म्हणून मोघमपणाचा मुद्दा पहिल्याच अपिलाच्या मेमोत, म्हणजे अपिलाच्या अर्जात, लेखी घालून घ्या. महिलांना आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.