पुणे–बंगळुरू बिऱ्हाड हलवताना: पॅकर्स-मूव्हर्सची सेवा कितपत कामाची?

बंगळुरूची ऑफर आली की घरात पगाराचं बोलणं होतं, शाळेचं होतं, आणि सामानाचं "बघू नंतर" म्हणून राहून जातं. खरं तर होकार कळवायच्या आधीच दोन-तीन पॅकर्स-मूव्हर्सना घरी बोलवावं. सर्व्हेला आलेला माणूस खोल्या फिरून जी यादी करतो, तिच्यावरूनच जाण्याचा खरा खर्च कळायला लागतो. नुसते फोटो बघून दिलेला दर निघायच्या दिवशी हमखास वाढतो, कारण माळ्यावरचं आणि दिवाणाच्या पेटीतलं सामान फोटोत येत नाही. दर जीएसटीसह लिहून घ्यावा. त्यात मजले, लिफ्ट आणि दोन्हीकडची हमाली धरली आहे का, तेही विचारून घ्यावं.

सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी असा हा साधारण 840 किलोमीटरचा रस्ता. पूर्ण गाडी केली तर सामान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दारात येतं. दोन बेडरूमच्या घराला 14 फुटी गाडी पुरते, तीन बेडरूमला 17 किंवा 19 फुटी लागते. पार्ट लोड, म्हणजे इतरांच्या सामानासोबत एकाच गाडीत पाठवणं, स्वस्त पडतो, पण त्यात सामान गोदामात उतरतं आणि दुसऱ्या गाडीत चढतं. आठ-दहा दिवस त्यात जातात, आणि फुटतं-चेपतं ते बहुतेक याच चढ-उतारात. एकट्या माणसाच्या दहा खोक्यांना पार्ट लोड ठीक आहे. संसाराला पूर्ण गाडीच हवी.

बांधणीत चांगल्या कंपन्या पैकीच्या पैकी मार्क घेतात. ताटं आडवी न रचता कागदात गुंडाळून उभी लावतात, पुस्तकं लहान खोक्यांत भरतात, लाकडाला आधी कोरुगेटेड पुठ्ठा आणि मग स्ट्रेच फिल्म लावतात. चुका होतात त्या यंत्रांच्या बाबतीत. फ्रंट लोड वॉशिंग मशीनचा ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो. ड्रम घट्ट धरून ठेवणारे मागचे ट्रान्झिट बोल्ट न लावता मशीन गाडीत चढवलं तर तो रस्ताभर आपटत जातो आणि सस्पेन्शन जातं. हे बोल्ट मशीनसोबत आलेले असतात आणि बहुतेक घरांत हरवलेले असतात, तेव्हा सर्व्हिस सेंटरमधून आधीच मागवून ठेवावेत. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करावा, उभाच न्यावा आणि पोचल्यावर काही तास थांबूनच सुरू करावा. स्प्लिट एसी हमालांच्या हाती देऊ नये. गॅस आधी आउटडोअरमध्ये ओढून घ्यावा लागतो. नुसते पाइप कापले की तो उडून जातो. त्यासाठी वेगळा मेकॅनिक बोलवावा.

पार्टिकल बोर्डचं कपाट नेऊच नये. एकदा सोडवलं की स्क्रूच्या भोकांत भुसा उरतो, पुन्हा पकड येत नाही. ते पुण्यातच विकावं.

विम्यात मात्र ही सेवा नापास आहे. कोटेशनमध्ये 'एफओव्ही' (फ्रेट ऑन व्हॅल्यू) म्हणून जी रक्कम असते, तिला बरेच जण विमा समजतात. ती वाहतूकदाराने जोखमीपोटी लावलेली आकारणी असते. विमा कंपनीचं प्रमाणपत्र हातात आलं तरच विमा आहे असं धरावं. बिल्टीवर (वाहतूकदाराच्या पावतीवर) सामानाची जास्त किंमत लेखी जाहीर केली नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. 2007 च्या कॅरेज बाय रोड कायद्याप्रमाणे नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून 180 दिवसांत द्यावी लागते.

कार ही गाड्या वाहणाऱ्या ट्रकने (कॅरियरने) नेतात, पण कागद आपलेच आपण करायचे. दुसऱ्या राज्यात गाडी 12 महिन्यांहून जास्त राहणार असेल तर नवीन नोंदणी लागते. पुणे आरटीओकडून फॉर्म 28 वर एनओसी, कर्ज असल्यास बँकेची संमती, कर्नाटकात कर आणि महाराष्ट्रातल्या उरलेल्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज, असं ते काम आहे. जुनी गाडी असेल तर ती पुण्यात विकणंच बहुधा परवडतं.

ट्रकने न जाणारा खर्च याहून मोठा. बंगळुरूत 5-6 महिन्यांचं डिपॉझिट सर्रास मागतात, काही ठिकाणी 10 महिन्यांचंही. घर सोडताना रंगकामासाठी महिन्याचं भाडं कापून घेण्याची तिथे रीतच आहे. घर बघताना पाणी कावेरीचं की बोअरचं, हे आधी विचारावं. 2024 च्या उन्हाळ्यात बोअरवर अवलंबून असलेल्या सोसायट्या टँकरवर आल्या होत्या.

मूल पहिलीच्या उंबरठ्यावर असेल तर तारखा तपासाव्यात. महाराष्ट्रात 31 डिसेंबरपर्यंत 6 वर्षं पूर्ण झाली तर चालतात, कर्नाटकात 1 जून ही तारीख धरतात. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलाचं त्यात वर्ष अडकू शकतं. शिवाय 2015 च्या कायद्याने शाळांत कन्नड सक्तीचं आहे, सीबीएसईच्या शाळाही त्यात आल्या. सातवी-आठवीच्या मुलासाठी सवलत मिळते का, हे शाळेकडून लेखी घ्यावं, मगच ट्रकची तारीख ठरवावी.

बंगळुरूत बऱ्याच रस्त्यांवर दिवसा मोठ्या ट्रकला मनाई असते आणि सोसायटीची सामान चढवायची वेळ ठरलेली असते. त्यामुळे ट्रक बाहेरच थांबतो आणि पुढे छोट्या टेम्पोचं भाडं मागतात. तो खर्चही दरात आधीच लिहून घ्यावा. शेवटचा हप्ता बिल्टीवरच्या आकड्याशी खोकी दारात मोजून झाल्यावरच द्यावा.